आबांची गाय

आबांना उभा माणूस बघवत नसे. पोस्टमन असो, प्राचार्य असोत की फी भरायला आलेला एखादा पालक, लॉनच्या कडेला कुणी उभं दिसलं की ते हातातला पाइप टाकून म्हणायचे, "पह्यले बठ भो, मंग बोल." बसायला खुर्ची नसे. पालथी बादली, नाहीतर गवत. एकदा प्राचार्य पाण्याच्या उधळपट्टीवरून त्यांना झापायला तरातरा आले आणि बादलीवर बसून अर्धा तास स्वतःच्या गुडघेदुखीबद्दल बोलून परत गेले.

देवपुरातल्या आमच्या कॉलेजात आबा माळी होते. धुळ्याच्या उन्हात लॉन राखणं म्हणजे तव्यावर लोणी राखणं. मी रावेरकडच्या केळीच्या गावातली. आमच्याकडे गवत विळ्याने कापून म्हशीपुढे टाकतात. ते नुसतं बघायला वाढवायचं, हे मला पैसेवाल्यांचं खूळ वाटलं होतं. आबांनाही तसंच वाटत असावं, कारण कापलेलं गवत सायकलवर लादून ते शेजारच्या गोठ्यात नेऊन टाकत.

कापायचं यंत्र एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेलं. छोट्या ट्रॅक्टरसारखं, वर बसून चालवायचं, किल्लीवर सुरू होणारं. गवत खाते म्हणून आबा तिला गाय म्हणत. सीटवर आपला पंचा घडी करून अंथरत, बसत आणि मिनिटभर काहीच करत नसत. मग किल्ली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तिले समजाले पाहिजे ना माय, कोन बठनं ते."

दुपारच्या तासाला खिडकीतून तिची घुरघुर यायची, ओल्या गवताचा वास यायचा, फळ्यावरची अक्षरं पातळ व्हायची आणि अर्थशास्त्राचे सर आणि आम्ही बरोबरच पेंगायला लागायचो. ती दुपार अजूनही माझ्या स्वप्नात येते. स्वप्नातल्या पांझरा नदीला काठोकाठ पाणी असतं, आबा गाय घेऊन काठाकाठाने हळूहळू चाललेले असतात. मी हाक मारत नाही. जाऊ देते.

कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात मी बॅग भरून घरी निघाले होते. इंग्रजी कळत नव्हतं, खोलीवरच्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. आबांचा निरोप घ्यायला म्हणून लॉनपाशी उभी राहिले. "बठ माय," ते म्हणाले. मी म्हटलं, बस चुकेल. त्यावर ते म्हणाले, "उभा माणूस निम्मा निंघी जायेल ऱ्हास. पह्यले बठ." निम्मी निघून गेलेली मी बसले. बरीच रडले. ते पाणी घालत राहिले, एका शब्दाने समजूत काढली नाही. बस चुकली ती चुकलीच. पुढे मी तिथेच पदवी घेतली आणि आता तिथेच ऑफिसात क्लार्क आहे.

यंदा थंडीत आबा गेले. झोपेतच. त्यांच्यानंतर पाणी मी घालून घेत होते, पण गाय शेडमध्ये उभी ती उभीच. चार महिन्यांत गवत गुडघ्याला लागलं. प्राचार्य म्हणाले, "साप निघतील त्यात. सोमवारपर्यंत मशीन चालू झालं तर ठीक, नाहीतर भंगारात देऊ. लॉनवर पेव्हर ब्लॉक टाकले की गाड्या तरी लागतील."

शनिवारी मी समोरच्या गॅरेजच्या मुन्नाला बोलावलं. आबांचं गवत ज्या गोठ्यात जायचं, त्या घरचा हा मुलगा. त्याने बॅटरी चार्ज करून आणली, टोकांवर साचलेली पांढरी भुकटी घासून काढली, फ्यूज तपासला, शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं. किल्ली फिरवली की टक असा आवाजसुद्धा येईना. सीटवर आबांचा पंचा तसाच घडी केलेला होता. त्याला हात लावायची ना त्याची हिंमत, ना माझी. दोघं दोन बाजूंना उभे राहून आम्ही वाकून वाकून किल्ली फिरवत होतो.

चार वाजता मुन्ना हात पुसत म्हणाला, "ताई, आते इंजिन खोलनं पडी. नहीतं भंगारच."

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ऊन, उपास, आणि सकाळपासून दाबून ठेवलेलं रडू. टेकायला जवळ दुसरं काही नव्हतं. "माफ करा आबा," म्हणत मी त्या पंच्यावर बसले. मिनिटभर काहीच केलं नाही. मग उगाच किल्ली फिरवली.

गाय घुरघुरली.

मुन्ना आधी दचकला, मग वाकून सीटखाली चाचपू लागला. "अठे स्विच शे ताई! वर वजन पडनं तरच सुरू व्हस!" म्हणजे सकाळपासून आम्ही मान राखून उभे होतो आणि ती कुणी बसायची वाट बघत होती. मी हसता हसता रडले, की उलटं, ते आता आठवत नाही. प्राचार्यांना बोलवायला उठले तर ती बंद पडली. पुन्हा बसले, पुन्हा सुरू केली आणि मुन्नाला पाठवलं.

प्राचार्य आले आणि शेडच्या दारात हाताची घडी घालून उभे राहिले. माझ्या बाजूला आबांची बादली होती. मी बसल्या जागेवरून ती पालथी करून पायाने त्यांच्याकडे सरकवली आणि इंजिनच्या आवाजात ओरडून म्हटलं, "सर, पहिले बसा. मग बोलू."

ते बादलीकडे बघत राहिले. मग बसले. पेव्हर ब्लॉकचं नाव काही त्यांनी काढलं नाही. गुडघा मात्र अजून दुखतो, म्हणाले.