सिस्टरांची वाचनवही

सिस्टरांना पंचवीस वर्षांत हजारो पेशंट कळले, पण एक कादंबरी काही कळेना. गल्लीत लहानथोर त्यांना सिस्टरच म्हणायचे, घरी लेक तेवढी आई म्हणायची. वॉर्डात उभं राहून राहून गुडघे पार कामातून गेले होते. पदवी हाती आली तर बसून करायचं रेकॉर्डचं काम मिळणार होतं, म्हणून या वयात बाई बाहेरून बी.ए.ला बसल्या. बाकीचे पेपर सुटले आणि घोडं अडलं ते वाचनवहीपाशी. एक कादंबरी वाचायची आणि प्रत्येक प्रकरणावर वहीत लिहायचं. एवढंच हो!

पहिली वही त्यांनी वॉर्डातल्या रिपोर्टबुकासारखी भरली. ‘प्रकरण तीन. नायिका सकाळपासून अस्वस्थ. जेवण नाकारलं. दुपारी नवऱ्याशी वाद. संध्याकाळी शांत.’ तपासणाऱ्या सरांनी ती परत धाडली, वर शेरा, ‘तुमचं मत कुठे आहे?’ आता मत कुठून आणायचं? दिसेल तेवढंच लिहा, मनचं घालू नका, हेच तर त्यांना जन्मभर बजावलं गेलं होतं.

दुसरी वही म्हणजे शेवटची संधी. महिनाभर ड्यूटीवरून येऊन, पाय गरम पाण्यात सोडून, पेंगत पेंगत त्यांनी ती पुरी केली. उद्या द्यायची होती. सुट्टीच्या दुपारी लेक तपासायला बसली. तिला कॉलेजात हीच कादंबरी होती.

“अगं, झकास लिहिलंयस की!” म्हणत तिने पानं उलटली आणि मध्येच थांबून मोठ्याने वाचलं, “‘प्रकरण नऊ. नायिका कामावरून येते. लगेच वर जात नाही. जिन्यात चपला काढून पंधरा मिनिटं बसते. वर गेलं की प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. मला वाटतं, तिचं काही चुकत नाही.’ आई, हे कुठल्या पानावर आहे?”

“असेल की. बघ नीट.”

“नाहीये. तिच्या घराला जिनाच नाही. आणि ती कामाला कधी जाते?”

सिस्टरांनी वही ओढून घेतली. अक्षर त्यांचंच होतं. त्यांचा चेहरा पडला. “झोपेत लिहिलं गेलं गं. खोडून टाक.”

लेकीने पेनला हात लावला नाही. “तू म्हणायचीस, बस चुकली म्हणून उशीर झाला.”

“हो.”

“कधीपासून बसतेस जिन्यात?”

“तू शाळेत होतीस तेव्हापासून. दे ते पेन इकडे. पास व्हायचंय मला.”

त्यांनी पट्टी लावून एकेक ओळ खोडली. लेकीला शाळेचे दिवस आठवले. तेव्हा दार उघडलं की आई आत येण्याआधीच ती म्हणायची, “किती उशीर! भूक लागलीये.” काल संध्याकाळीही ती हेच म्हणाली होती.