कावळा, विहीर आणि सुहासचा उजवा कान

कोल्हापूरहून रत्नागिरीला मी आंब्यांसाठी गेले आहे, लग्नांना गेले आहे, एकदा तर उगाचच गेले आहे. या खेपेस निघाले ती भांडायला. सुहासचा मेसेजच तसा होता : "ये. कावळा की विहीर, एकदाचा निकाल लावू."

हे दोन हेवी मेटलचे अल्बम. त्यांची खरी इंग्रजी नावं वडीलधाऱ्यांसमोर घेण्यासारखी नाहीत, म्हणून डिप्लोमाला असताना कव्हरवरच्या चित्रांवरून आम्हीच त्यांचं बारसं केलं. कावळा माझा, विहीर सुहासची. पुढे मी फाउंड्रीत चिकटले, तो जहाजावर इंजिनरूममध्ये गेला, दोघांचे संसार झाले, पण भांडण काही मिटलं नाही.

इंजिनांच्या आवाजात त्याचा डावा कान केव्हाच गेला. आता उजवाही चाललाय. याच आठवड्यात मुंबईला ऑपरेशन करून यंत्र बसवायचंय. माणसांचं बोलणं कळेल, पण कानात जे उरलंसुरलं आहे ते जाईल, आणि गाणं पूर्वीसारखं लागेलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. त्यात एक अल्बम ऐकला की त्याच्या कानात शिट्टी वाजायला लागते आणि मग दिवसभर काही समजत नाही. थोडक्यात, स्वतःच्या कानानं शेवटचा एकच अल्बम. कुठला, ते ठरवायला मी निघाले होते.

आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबले. माझ्या टी-शर्टवर कवटी. चहावाल्यानं ती निरखून पाहिली आणि विचारलं, "ताई, लाईट खात्यात हाय काय?"

"का हो?"

"नाय, डीपीवर असाच चित्र असता."

मी हो म्हटलं. उगाच कुठे समजावत बसा.

हातखंब्यापासून सडा (जांभ्या दगडाचा उघडा माळ) सुरू झाला. पावसाळा संपून गवत सोनेरी झालं होतं. रत्नागिरीत मांडवीला पोचले तेव्हा सुहास फाटकातच उभा होता. "काय गो, जाडी झालीस!" हे त्यानं अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ऐकू येत नाही तो माणूस ओरडून बोलतो. त्याच्याशी बोलणाराही ओरडतो. आमचं स्वागत शेजाऱ्यांनी व्यवस्थित ऐकलं.

संध्याकाळी खाटेवर सगळ्या सीड्या मांडून आम्ही छाटणी केली. ज्यात नुसतीच गिटारची कसरत, त्या बाद. ज्यात गायक केकाटतो पण सांगायचं काहीच नसतं, त्या बाद. तीनचार चांगल्या होत्या, पण शेवटच्या म्हणाव्यात अशा नव्हत्या. राहिले आपले तेच दोन.

"तुझ्या विहिरीत पहिलं गाणं सुरू होऊन तो बाबा तोंड उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन होतो," मी ओरडले.

"आणि तुझा कावळा? सुरू कधी झाला आणि उडाला कधी, कळत नाय. ढोलवाल्याला घरी जायची घाई."

"घाई नाही, राग आहे तो. तुझ्याकडे राग पण पेन्शनीत निघाल्यासारखा येतो."

सुनंदावहिनी, सुहासची बायको, दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "शेजाऱ्यांना वाटेल इस्टेटीच्या वाटण्या चालल्यात. त्यापेक्षा देवीला कौल लावा."

तिनं ते थट्टेनं म्हटलं असेल, पण सुहासनं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या गावच्या देवळात. कौल लावायचा म्हणजे देवीच्या अंगावर कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. गुरवानं शांतपणे विचारलं, "उजवीकडे काय धरू?"

"विहीर," सुहास म्हणाला.

"का म्हणून? माझा कावळा डावा का?" मी गाभाऱ्यापुढे ओरडले. ओरडल्याशिवाय त्याला ऐकू कसं येणार?

गुरवानं आमच्याकडे पाहिलं. त्याला बहुधा पाण्याचा वाद वाटला असावा. गाऱ्हाणं घातलं, आम्ही हात जोडून उभे. कळ्या जागच्या हलल्या नाहीत. बराच वेळ गेला. शेवटी तो म्हणाला, "आज देवी बोलत नाय. घरी जावा, जेवा. तुमचा तुम्ही बघा."

घरी वहिनीनं तिसऱ्यांचं (खाडीतल्या शिंपल्यांचं) सुकं, घावनं (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) आणि सोलकढी केली होती. सुहास हात धुऊन आला आणि म्हणाला, "कावळा लाव."

मला वाटलं, पाहुणीचा मान ठेवतोय. मी म्हटलं, "असली भीक नको मला. तुझी विहीर ऐक."

"विहीर मला पाठ आहे. प्रत्येक ठोका. कान गेला तरी डोक्यात वाजेल. कावळा मी कधी नीट ऐकलाच नाय, तुझ्याशी भांडायपुरता ऐकला. आत्ता नाय ऐकला तर राहूनच जाईल."

"उद्याचा दिवस आहे की अजून."

"उद्याचा सुनंदाचा. परवा निघायचं."

मी सीडी लावली, बटण दाबलं आणि लाईट गेली. चहावाल्याची आठवण झाली. खरंच त्या खात्यात असते तर बरं झालं असतं.

मग माझी जुनी गाडी कामाला आली. समुद्राकडे तोंड करून लावली. सुहास स्टिअरिंगवर बसला, कारण दाराचा स्पीकर तिथे उजव्या कानाशी येतो. मी पडले त्याच्या मेलेल्या कानाच्या बाजूला, म्हणजे मध्ये काही बोलायची सोयच नाही. कावळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजला आणि जन्मात पहिल्यांदा मी त्याची बाजू न मांडता गप्प बसले. सुहासनं डोळे मिटले होते. तिसऱ्या गाण्याला त्याची बोटं स्टिअरिंगवर चालायला लागली.

संपल्यावर विचारलं, "कसा?" तो ओठांकडे बघत होता, त्याला कळलं.

"बरा आहे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यानं विहिरीची सीडी माझ्या हातात ठेवली. "ऐक. आणि खरं सांग." वहिनीनं आमसुलं आणि सुके बोंबील बांधून दिले. गाडीला अजून वास आहे.

घाट चढायच्या आधी विहीर लावली. गायक तोंड उघडेपर्यंत दोन वळणं झाली. मग तो बोलू लागला आणि मी गाडी बाजूला घेतली. हेच सगळं आता तिकडे सुहासच्या डोक्यात वाजणार आहे, कुठल्याही डॉक्टरच्या हाताला न लागता. आयुष्यभर भांडायला असा एक माणूस मिळाला, आणि त्यानं आपला शेवटचा अल्बम माझ्यासाठी खर्च केला. याहून आणखी काय मागायचं?

सीडी संपली तेव्हा त्याला लिहिलं, "विहीर भारी आहे. मी हरले."

उत्तर लगेच आलं. "मी कालच हरलो होतो. बोललो नाय. डोक्यावर बसली असतीस."