चादरीत गुंडाळलेलं शहर

ती केस आठवली की आजही माझी मान खाली जाते. वर्दी मी तिशीतच उतरवली. आता पत्रकं वाटतो, लोकांना जाब विचारतो. म्हणून आधी माझा स्वतःचा जबाब.

कोरोनाच्या टाळेबंदीतलं वेरिबी, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नजवळचं. ठाण्यात एका मराठी काकांचा फोन आला. त्यांच्या शेजारच्या गोऱ्या आजींना, निवृत्त शिक्षिकेला, वृद्धांच्या केअर होममध्ये हलवलं होतं. घरात एकटी भाडेकरू मुलगी, आपल्याकडचीच.

"भिंतीवरचं जुनं चित्र चादरीत गुंडाळून नेलं तिने. किमती आहे. तिच्या खोलीत फोटो कोणाचा आहे बघा, म्हणजे कळेल कसले लोक. तुम्ही आपल्यातलेच, तुम्हाला काय सांगायचं?"

निळ्या कोटातला तोच फोटो माझ्या आईच्या घरात आहे. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काकांना जातीचा पत्ता लागला नाही. मी म्हणालो, "बरं, बघतो."

चौकशीत तिला इंग्रजीत हक्क वाचून दाखवले आणि मग मराठीत गळ टाकला. "खरं सांग. मी आपलाच माणूस आहे."

"चित्र अमेरिकेतलं आहे, सर, दीडशे वर्षांपूर्वीचं. शहर वाढतंय, धुराडी, नवे रस्ते. रस्ता संपतो तिथे तोडलेल्या झाडांचे बुंधे. मधे उभी पांढरी रेघ. लाकडाचे ठोकळे जोडून कोरायचे, तो सांधा छापात उतरलाय. आजींनी शिकवलं."

"एवढं ठाऊक आहे, तर कुठे ठेवलंस?"

"ते नाही सांगता येणार." मग माझ्या छातीवरच्या नावपट्टीकडे बघत म्हणाली, "सर, तुम्ही मूळचे कुठले?"

"प्रश्न मी विचारतोय."

तीन तास बसवलं तिला. सोबतच्या सहकाऱ्याला मी निःपक्षपाती दिसायला हवा होतो.

धागा मिळाला तिच्या ड्युटीच्या तक्त्यात. आजी राहत त्याच केअर होममध्ये ती कामाला होती. मी मॅनेजरला व्हिडिओ कॉल लावला. मॅनेजरने टॅब्लेट आजींकडे वळवला. समोरच्या भिंतीवर चित्र, मधे पांढरी रेघ.

"मीच मागवलं," आजी म्हणाल्या. "माणसं येऊ देत नाहीत. निदान माझी भिंत तरी येऊ दे."

बाहेरची वस्तू आत आणायला तेव्हा मनाई होती. मॅनेजरने चित्र त्याच दिवशी उतरवलं. मुलीच्या शिफ्ट बंद झाल्या. तिचा व्हिसा तिथल्याच नोकरीवर पुढे जाणार होता, तोही अडकला.

मालाच्या मालकाला आधी विचारायचं, हे पोलीस प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी विचारलं नाही. काकांचं ऐकून मला पुरेसं वाटलं होतं. माझ्याच लोकांबद्दलचं, आणि मला पुरेसं वाटलं.

काकांना कळवलं, चोरी नव्हती.

"या वेळी नसेल," ते म्हणाले.

"बरं," मी पुन्हा म्हणालो.

आजींसमोरचं चित्र उतरू नये, नोकरी जाऊ नये म्हणून ती गप्प राहिली. मी कशासाठी गप्प राहिलो, ते काकांना अजून माहीत नाही. म्हणून या पत्रकावर माझ्या नावाखाली आईच्या वस्तीचं नाव घातलंय, ज्यावरून आमची जात कळते. काकांच्या टपालपेटीत ते मी स्वतः टाकणार आहे, आणि मग बेलही वाजवणार आहे.