द्राक्षासवातली पावडर

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला. हे मी आजही ताठ मानेने सांगतो, कारण त्या पदवीपायी बाबांची छाती गेली. लालबागच्या गिरणीत, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात त्यांनी उमेदीची सारी वर्षं काढली. कापसाची तूस आत बसत गेली आणि पन्नाशीच्या आतच दमा जडला.

दम्यावर आई घरीच द्राक्षासव करायची. काळ्या मनुका उकळायच्या, गार झाल्यावर गूळ आणि धायटीची फुलं घालायची, बरणीचं तोंड फडक्याने बांधून कणकेने लिंपायचं, की महिनाभर त्याकडे बघायचं नाही. दारूबंदीचे दिवस. शेजारचे काका दारातूनच नाक ओढत म्हणायचे, "वहिनी, हवालदार आला तर औषध म्हणून सांगा. तो गेला की अर्धी वाटी इकडे पाठवा."

बाबा जेवणानंतर ते वाटीत पाणी घालून घ्यायचे. त्याने दमा बरा झाला असं नाही, पण संयुक्त महाराष्ट्राची सभा असली की ते तीन जिने उतरून मैदानापर्यंत चालत जायचे, आणि घोषणा देऊन घसा बसवून यायचे.

एका वर्षी आसव बिघडलं. त्याचा आंबटढाण शिरका झाला. आईने बरणी मोरीत ओतली आणि तिथेच बसून राहिली. मी तेव्हा नुकताच परळला एका प्रयोगशाळेत लागलो होतो. पुस्तकात फळांच्या वाईनवरचं प्रकरण काढलं. आसव मुरल्यावर त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलं तर ते आंबत नाही. मी आईला म्हटलं, "यापुढे हे अंदाजाने नाही करायचं."

प्रयोगशाळेच्या तराजूवर मी एक ग्रॅम पावडर तोलली आणि पुडी बांधून घरी आणली. मिक्श्चरच्या बाटलीला डोससाठी कातरलेली कागदी पट्टी असायची. तसल्या बाटलीभर पाण्यात पुडी विरघळवली आणि पट्टीवरच्या बरोबर दोन खुणांएवढं पाणी बरणीत घातलं. आगकाडी ओढल्यासारखा वास आला. बाबा खाटेवरून बघत होते. काका आले तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून त्यांना म्हणाले, "माझ्या झिलान मोजून घातल्यान. हाताच्या अंदाजाचा काम नाय."

आसव त्या वर्षी अजिबात आंबलं नाही. मी खूश होतो.

पंधरा दिवसांनी आई मला मोरीपाशी बोलावून हळूच म्हणाली, "पावडर घातल्यापासना ह्यांका जास्तच धाप लागता. वाटी खाली ठेवली की छातीत शिट्टी वाजता."

"आई, दमा आहे त्यांना. शिट्टी वाजणारच."

"मी शिकलंय नाय, पण माका दिसता."

मला राग आला. तरी खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी मी नवी पुडी तोलली, बाटलीच्या खुणा मोजनळीने ताडून बघितल्या, कागदावर हिशेब मांडून आईसमोर धरला. कुठे केसाइतकीही चूक नव्हती. आईने कागदाकडे बघितलं आणि मोरीतली भांडी पुढे ओढली. तिला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. बाबा वाटी घेतात तेव्हा दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसावं, एवढं मात्र मला सुचलं नाही.

बाबा आधी दुसऱ्या जिन्यावर थांबू लागले, मग सभेला जाणंच बंद झालं. मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीत पणत्या लागल्या, खाली लेझीम चाललं होतं. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसून होते. घोषणा झाली की नुसते ओठ हलवायचे. त्याच पावसाळ्यात ते गेले. डॉक्टरांनी गिरणीच्या तुशीचं कारण सांगितलं, ते खरंच असणार.

पुढे बऱ्याच वर्षांनी कामाच्याच एका मासिकात वाचलं की आंबट पेयातल्या सल्फाइटने काही दमेकऱ्यांचा श्वास आवळतो, अगदी बेताच्या प्रमाणातही. ते मासिक मी दोन दिवस पिशवीतच ठेवलं. तिसऱ्या दिवशी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"माका तेव्हाच कळला होता," ती म्हणाली. "मी दुसरी बरणी घातलेलंय. बिनपावडरची."

"मग?"

"पण ती ते घेयत नसत. म्हणत, झील विचारतलो, तेका काय सांगू?"

मी विचारायचोच. कामावरून आलो की चपला काढायच्या आधी, रोज. "बाबा, घेतलंत काय?" श्वास सापडेपर्यंत त्यांना बोलता यायचं नाही. ते वाटी उपडी करून दाखवायचे.