विमानाचा पुर्जा आणि काकूची कढई

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. नव्वदीला टेकलेला माझा चुलतभाऊ, झोपेतच गेला... हात धुऊन खिडकीशी बसलो आणि मला त्याच्या आईची, आमच्या काकूची, कढई आठवली. चक्क हसू आलं.

पन्नासच्या दशकात आमच्या किन्हीराजा गावचा बापू नागपूरला विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात वायरमन होता. इंजिन आग लागण्याइतकं तापलं की वैमानिकापुढे लाल दिवा लागतो. तो दिवा लावणारे बोटाएवढे पुर्जे इंजिनाजवळ बसवलेले असत. मीटर लावून ते तपासणं हे त्याचं काम. एका विमानाचा दिवा आग नसताना दोनदा लागला आणि दोन्ही वेळा विमान अर्ध्या वाटेतून परतलं. पुर्जा काढून मीटर लावलं तर काटा हलेना, म्हणजे पुर्जा ठीक. मग जोडणी कच्ची केल्याचा ठपका बापूवर आला. नोकरीच जायची वेळ! साहेबांना विचारून त्यानं तो पुर्जा, एक कोरा पुर्जा आणि मीटर पिशवीत टाकलं आणि तो रजेवर घरी आला.

काकू सणाच्या पुऱ्या तळत होती. बापूनं मीटर माझ्या हाती दिलं आणि तारा जोडून कोरा पुर्जा सरळ कढईत सोडला.

“अरे, हे काय शिजवून राह्यला?” काकू ओरडली.

“माय, दोन मिनिटं. थंडा असला की हा शहाण्यावानी राह्यते. तापल्यावर काय करते, ते पाहू दे मले.”

कोऱ्या पुर्ज्याला काटा जागचा हलला नाही. मग विमानातून काढलेला पुर्जा सोडला आणि काटा टुणकन उडाला! पुरी फुगण्याएवढ्या उष्णतेलाच तो आग लागली म्हणून सांगत होता. बापू झारा घेऊन नाचायला लागला.

“खोटा दिवा लागला तर बिघडते काय?” मी विचारलं.

तो थांबला. “मंग खऱ्या आगीच्या टायमाले त्याच्यावर भरोसा कोण ठेवन?”

ते वाया गेलेलं तेल बैलबंडीच्या आसाला वंगण म्हणून गेलं आणि काकू दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण बापूनं नागपुरात साहेबांसमोर तेल तापवून हेच करून दाखवलं. ठपका पुसला गेला आणि पुढे तिथे प्रत्येक पुर्जा तापवूनच तपासू लागले. त्याचं पत्र आलं, “मायले सांग, तिची कढई पास झाली.” काकूनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. निघताना त्या माझ्या जीपपाशी आल्या, वाकल्या आणि चाकाच्या मधोमध तळहात टेकवला. कुणीही प्रवासाला निघालं की बापू असाच हात लावून चाक आतून तापलंय का ते पाहायचा...

“तापलं नाही,” त्या म्हणाल्या. “जा आता.”