कालव्यातून आणलेली होडी

आम्ही पाण्यावर हिंडायला गेलो नव्हतो. होडी घरी आणायची होती. माझा नवरा माजलगावच्या धरणात मासे धरतो. त्याच्या जुन्या पत्र्याच्या होडीचा तळ गंजानं खाल्ला होता. कालव्याच्या वरच्या अंगाला त्याचा एक नातेवाईक राहतो. त्यानं धंदा सोडला आणि आपली होडी आम्हाला दिली. टेम्पोवाल्यानं तिची लांबी पाहिली आणि नाही म्हणाला. त्याच आठवड्यात कालव्याला पाणी सुटलं. वरच्या मोठ्या धरणाचं पाणी आणून आमच्या धरणात ओतणारा हा कालवा. नवरा म्हणाला, "पान्यानंच नेऊ की."

मी नाही म्हणाले, कारण तो कालवा माझ्या माहेरच्या रानाला लागून जातो.

आमच्या घरी मेंढरं. सासरी मासे. आमचं लग्न कुणी लावून दिलं नाही, आम्ही केलं. तेव्हापासून माहेरच्या वाटेवर मी पाय ठेवला नव्हता, कुणी ठेवू दिला नसता. माझ्या भावानं चारचौघांत सांगितलं होतं, ती दिसली तर तंगडी तोडीन. भाऊ माझ्यापेक्षा मोठा आहे आणि बोलतो ते करतो.

"कालवा सरकारचा हाय," नवरा म्हणाला. "तुह्या भावाच्या बापाचा हाय का?"

"माह्या भावाचा बाप तो माहा पन बापच हाय," मी म्हणाले. "तुमी एकटे जावा."

"ओढ्यापाशी होडी उचलावी लागती. एकट्यानं उचलत न्हाई."

त्याचे जोडीदार लग्नसराईत पांगलेले होते. शेवटी मी गेले ते त्याच्याशी भांडतच गेले. इथं मी त्याला 'तो' लिहितेय. तोंडानं मी त्याला तेव्हा 'तुमी' म्हणायचे.

सकाळी होडी पाण्यात लोटली. तो मागच्या टोकाला वल्हं घेऊन, मी पुढे. पाण्याला ओढ होती, त्यामुळे वल्हवायचं काम थोडं, होडी मधोमध राखायचं जास्त. दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतरता काठ. त्यावर ऊन पडलं की डोळे उघडता येत नव्हते. पदर ओला करून डोक्यावर घ्यायचा, तो वाळायचा, पुन्हा ओला करायचा. एक मेलेलं कुत्रं फुगून आमच्याबरोबर वाहत होतं. नवरा त्याला वल्ह्यानं मागं लोटायचा, ते पुन्हा शेजारी यायचं.

काठावर जागोजागी मोटारींचे पाइप पाण्यात सोडलेले. आम्हाला पाहून माणसं धावत यायची. आम्ही खात्याचे आहोत असं त्यांना वाटायचं, पाइप काढायला लावायला आलेले. एकजण हातात पाना घेऊनच खाली उतरला.

"कुनाची नाव हाय बे?"

"आमचीच हाय. मासे धरतो."

"पाइपाला धक्का लागला तर दोघांचीबी डोकी फोडीन."

नवऱ्यानं मान हलवली आणि होडी पलीकडच्या अंगाला घेतली. तो कुणालाच उलटून बोलत नाही. लग्नाआधी मला हा शहाणपणा वाटायचा.

दुपारच्या आधी एका पुलाखालून निघालो. वर मोटारसायकल थांबवून एक माणूस तंबाखू मळत होता. तो माझ्या माहेरच्या गावचा होता. त्यानं मला पाहिलं, मळायचं थांबवलं आणि खिशातून फोन काढला. मी नवऱ्याला म्हणाले, "आता बघा." तो म्हणाला, "बघू की."

पुढच्या वळणावर भाऊ उभा होता. मेंढरं बरोबर नव्हती. उन्हाळ्याच्या दुपारी आमच्यातला माणूस मेंढरं सोडून कालव्यावर येत नाही. म्हणजे तो फक्त आमच्यासाठी आला होता. हातात काठी, डोक्याला पटका, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्या मिशांकडे बघून मला क्षणभर वाटलं, वडीलच आहेत.

होडी त्याच्यासमोर आली तसा तो काठावरून आमच्याबरोबर चालू लागला आणि शिव्या द्यायला सुरुवात केली. त्या शिव्या लिहीत नाही. माझ्या अंगाला, माझ्या जन्माला, नवऱ्याच्या जातीला, होडीला, धरणाला, सगळ्यांना त्यानं धुतलं. पाण्याचा वेग त्याच्या चालण्याएवढाच होता. तो ना पुढे जायचा ना मागे राहायचा. सिमेंटचा काठ उतरता आणि शेवाळलेला, त्यामुळे त्याला खाली येता येत नव्हतं आणि आम्हाला वर जाता येत नव्हतं. मधे एकदा त्यानं दगड मारला. तो होडीच्या पत्र्यावर आदळला आणि माझ्या पायापाशी पडला. मी तो उचलून पाण्यात टाकला.

"दमेल आन जाईल," नवरा मागून हळूच म्हणाला.

तो दमला, पण गेला नाही. कितीही रागावलेला माणूस किती वेळ नुसत्या शिव्या देईल? शिव्या संपल्या तसं तो घरातलं बोलायला लागला. त्याच आवाजात, तितक्याच रागानं.

"आर्धी मेंढरं इकली. चारायला कोन जाईल? तू गेलीस तोंड काळं करून."

पुढे चालत, "आईच्या डोळ्याचं आपरेशन केलं बीडला. तिला भाकर कोनी करून घातली? तुह्या सासूनं?"

पुढे, "धाकट्याचं लगीन झालं. पोरीकडचे इचारत व्हते, एक बहीन हाय म्हनं तुमची. मी म्हनलं, मेली."

खरं सांगते, मी एकेक वाक्य गिळत होते. इतक्या वर्षांत घरचं मला कुणी काही सांगितलं नव्हतं. धाकट्याचं लग्न झालं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तो शिव्या घालत होता आणि मला वाटत होतं, बोलत राहा, अजून सांग.

मग तो म्हणाला, "आन बाप मेला तरी आली न्हाईस. आता कालव्यानं मिरवत चाललीस व्हय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"काय म्हनलास?"

"नाटकं करू नको."

"दादा, काय म्हनलास तू?"

"सांजपातुर मढं ठेवलं व्हतं!" तो ओरडला. "लोक म्हनले, उचला आता. आई म्हनली, थांबा, ती येतीया. दिवे लागायच्या वक्ताला उचललं. तू आली न्हाईस."

"मला कोनी सांगितलं न्हाई."

"खोटी! चुलता गेलता धरनावर. तुह्या नवऱ्याच्या तोंडावर सांगून आलता."

मी वळले. नवरा वल्हं पाण्यात धरून बसला होता आणि पाण्याकडे बघत होता. खोटा आळ आला की माणूस मान वर करतो, निदान एकदा तरी. त्यानं केली नाही.

"आवो," मी म्हणाले.

"सायपन आलं," तो म्हणाला. "दोर घे."

पुढे ओढा आडवा येतो. तिथं कालव्याचं पाणी ओढ्याच्या पोटाखालून बोगद्यात शिरतं आणि पलीकडे वर निघतं, त्यालाच सायपन म्हणतात. तोंडाला लोखंडी गज लावलेत, पण पाणी त्या गजांवर अशा जोरात जातं की होडी त्यांना लागली तर उलटणारच. त्याच्या अलीकडे काठाला पायऱ्या आहेत. तिथं उतरायचं आणि होडी ओढून ओढ्याच्या पलीकडे न्यायची. पायऱ्या भाऊ होता त्याच बाजूला होत्या. तो आमच्या आधी तिथं पोचून वरच्या पायरीवर उभा राहिला.

मी दोर घेऊन उडी मारली. पाय शेवाळावर सरकला, दोन्ही गुडघे सोलले, पण दोर सुटला नाही. पायरीला एक लोखंडी कडी होती, गंजून अर्धी तुटलेली. तिच्यात दोर अडकवला तर कडी हलायला लागली. म्हणून दोर मनगटाला गुंडाळला आणि पाय रोवून बसले. होडी गजांच्या दिशेनं फिरली आणि दोर ताठ झाला. नवरा होडीतच होता.

भाऊ माझ्या डोक्यावर काठी घेऊन उभा. मी वर न बघता म्हणाले, "दादा, शप्पत घेते. मला ठावं नव्हतं."

तो म्हणाला, "त्याला इचार."

मी नवऱ्याकडे पाहिलं. विचारलं नाही. तरी तो बोलला. पाण्याच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागलं त्याला.

"आलते ते. सांगितलं त्यांनी. मीच तुला न्हाई सांगितलं."

दोर माझ्या मनगटात रुतत होता. चामडी निघालेली मला दिसत होती. वरून भाऊ म्हणाला, "सोड."

अगदी साध्या आवाजात म्हणाला तो. शिव्या देतानाचा तो आवाज नव्हता. घरी मेंढरू सोडायला सांगावं तसा.

"सोड दोर. जाऊ दे त्याला."

मी सोडला नाही. प्रेमानं नाही सोडला असं कुणी समजू नये. मला तेव्हा नवऱ्याबद्दल काहीही चांगलं वाटत नव्हतं. त्याला पोहता येतं, पण त्या गजांपुढे पोहणं चालत नाही. भावाच्या सांगण्यावरून माझ्या हातानं माणूस मरायला नको होता. मी दोर ओढला. होडी पायरीला लागली, नवरा उतरला, आणि भावानं काठी त्याच्या खांद्यावर घातली.

एकच घाव. हाडाचा आवाज आला. नवरा खाली बसला, मग उठला. हात वर केला नाही. भाऊ दुसरा घाव घालायला काठी उचलून थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी मध्ये पडेन असं त्याला वाटलं असावं. मी पडले नाही. मी दोर मनगटावरून सोडवत होते.

त्यानं काठी खाली घेतली. जाताना म्हणाला, "गावात तोंड दाखवू नको. आई तुला मेलेलीच समजती."

आणि तो बांधाबांधानं निघून गेला. मागं वळून पाहिलं नाही.

होडी ओढ्यातून आम्ही दोघांनी ओढली. नवऱ्याचा एक हात चालत नव्हता. दगडगोट्यांवरून, बाभळीच्या काट्यांतून, थोडं ओढायचं, थांबायचं. आम्ही बोललो ते एवढंच, "उचल," "थांब," "इकडं घे." 'उचल' मी म्हणाले होते. त्याला 'तू' म्हणायची ती माझी पहिली वेळ, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं.

कालवा जिथं संपतो तिथं पाणी मोठ्या उतारावरून धरणाच्या फुगवट्यात पडतं. तिथं पुन्हा होडी उचलली आणि सिंदफणेच्या पाण्यात लोटली. धरणात ती नदी कुठं आहे हे फक्त मासे धरणाऱ्यांना कळतं. बाकीच्यांना सगळं सारखंच पाणी. ओढ संपली होती. त्याचा खांदा सुजला होता, म्हणून वल्हं मी घेतलं. मला नीट येत नव्हतं. होडी वाकडीतिकडी जायची. तो शिकवायला तोंड उघडायचा आणि मी बघितलं की मिटायचा.

पाण्याच्या मध्यावर मी वल्हं आत घेतलं.

"कावून न्हाई सांगितलं?"

तो सुजलेला खांदा चोळत राहिला.

"मारतील म्हनून भ्यालास? मला तिथं मारलं असतं म्हनून?"

"न्हाई," तो म्हणाला. "मयताच्या घरात कोन मारतं? त्यांनी तुला ठेवून घेतलं असतं. तुही आई गळ्यात पडली असती. आन तू ऱ्हायली असतीस."

"मंग?"

"मंग मी काय केलं असतं?"

तो रडत होता. मला त्याची कीव आली नाही. आजही मी ते वाक्य फिरवून फिरवून बघते. त्यात प्रेम आहे असं माझ्या शेजारणी म्हणतात. त्यांचा बाप त्यांनी पाहिला होता, उचलताना. मी वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

पुढच्या रविवारी मी एकटी बसनं गावी गेले. मी अंगणवाडीत काम करते, तिला सुट्टी होती. नवऱ्याला मी येतोस का म्हणून विचारलं नाही आणि जाते म्हणूनही सांगितलं नाही. घराच्या दारात एक नवीन मुलगी भांडी घासत होती, धाकट्याची बायको. तिनं मला ओळखलं नाही. आई ओट्यावर होती. ऑपरेशन झालेला डोळा बारीक करून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

"आता आलीस व्हय," ती म्हणाली.

"आई, मला सांगितलं न्हवतं गं."

"भावानं सांगितलं मला. तुला ठावं नव्हतं म्हनून." मग, "पर मी त्या दिवशी बसले व्हते ना वाटंकडं बघत. ती सांज मला कोन परत देनार?"

मी तिच्या पायाशी बसले. तिनं हात लावला नाही, उठही म्हणाली नाही. सुनेला म्हणाली, "पानी दे पाव्हनीला." मी पाणी प्याले. बापाला पुरलं होतं ती जागा रानाच्या कडेला होती. तिथं मी एकटीच गेले. दगड रचले होते आणि त्यावर वाळलेलं लेंडीखत पसरलं होतं, मेंढरं तिथंच बसत असणार. माझा भाऊ लांब बांधावर उभा होता. मी उठेपर्यंत तो तिथंच राहिला. मी उठले तसा तो मेंढरं हाकत दुसरीकडे गेला.

आता मी दर महिन्याला जाते. आई बोलते, पण जावयाचं नाव निघालं की उठून आत जाते. भाऊ मला पाहिलं की रानात निघतो. त्यानं दोर सोड म्हटलेलं त्यालाही आठवत असेल, पण आम्ही ते कधी काढलं नाही.

इकडे घर चाललंय. नवऱ्याचा खांदा बरा झाला, थंडीत दुखतो. तो होडी घेऊन पहाटे जातो, दुपारी येतो. मी स्वयंपाक करते, तो जेवतो. मी त्याला 'तू'च म्हणते. शेजारी आधी हसायचे, आता त्यांना सवय झाली. मी गावाहून आले की तो विचारत नाही कुठं गेलती. आणि मी सांगत नाही.