खंडेनवमीला धुतलेला कीबोर्ड

खंडेनवमीच्या सकाळी गच्चीवर गेले, तर उन्हात सूप ठेवलेलं आणि सुपात विळी, अडकित्ता, माझी कात्री आणि कॉम्प्युटरचा कीबोर्ड. सासूबाईंनी दसऱ्याच्या पूजेसाठी घरातली झाडून सगळी हत्यारं नळाखाली धुऊन काढली होती. त्यात सुनेचं पोटापाण्याचं हत्यार त्यांनी जरा जास्तच मनापासून घासलं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि त्यातल्या एकाचे पेपर मी घरी टाइप करायचे. दसरा झाला की परीक्षा, आणि रसायनशास्त्राचा पेपर अर्धाच झालेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच कौतुकानं म्हणाल्या, "लई मळ व्हता बघ त्यात. आता कसा नव्यावानी झालाय." यावर भांडणार कसं? पितळी तांब्यासारखी स्क्रीनलाही चिंच लावायचा त्यांचा बेत होता, तो मात्र मी वेळेत हाणून पाडला.

भूकंपात गावचं घर पडलं आणि त्या आमच्याकडे आल्या. शेत सुटलं, म्हशी सुटल्या. "मला कायतरी काम सांग," हे त्यांचं पालुपद दिवसभर चालायचं. दोन खोल्यांच्या घरात मी तरी कुठून काम काढणार? बसून बसून त्या पार कोमेजल्या होत्या आणि ते बघून माझा जीव तुटायचा.

कीबोर्ड उलटा करून पंख्याखाली ठेवला. त्याला पुरतं वाळू दिलं आणि दसऱ्याच्या सकाळी देवाचं नाव घेऊन वायर लावली. एकूण एक बटण चाललं! मी आनंदानं सासूबाईंना मिठीच मारली आणि सांगून टाकलं, आजपासून कॉम्प्युटरची निगा तुमच्याकडे.

फक्त धुवायचं नाही. आधी बंद करायचा, वायर काढायची. कीबोर्ड उलटा धरून हलकेच थोपटायचा, फटींतली धूळ मऊ ब्रशनं काढायची. स्क्रीनवर पाणी शिंपडायचं नाही, फडकं घट्ट पिळून हलक्या हातानं फिरवायचं. आणि टॉवेल नको, ओरखडे उठतात. जुनं, मऊ सुती कापड हवं.

त्या उठल्या आणि पेटीतून लुगडं घेऊन आल्या. भूकंपाच्या वेळी अंगावर होतं ते. गावाहून त्यांच्यासोबत तेवढंच आलं होतं.

"हे नको, आत्याबाई," मी म्हटलं.

"ठिवून काय करू? कामाला येऊ दे की." आणि त्यांनी टरकन पदर फाडला.

स्क्रीन त्यांनी इतकी निगुतीनं पुसली की मी बघतच राहिले. पूजेच्या वेळी मी कॉम्प्युटरच्या डब्याला बाजूनं हळदकुंकू लावलं, बटणांपासून चांगलं लांब. तोवर सासूबाईंनी ते फडकं धुऊन वाळवलं, नीट घडी घालून सुपात विळीशेजारी ठेवलं, आणि त्यावरही झेंडूचं फूल वाहून हात जोडले.